पोरगं अडीच वर्षाचं, कॉन्व्हेंटात टाकू का थांबू?

दरवर्षी जून लागला की माझ्याकडं हाच प्रश्न येतो, लेकराचं शाळेत टाकायचं वय झालं का. आपल्याकडं कुठलीही इंग्रजी नर्सरी म्हणजे कॉन्व्हेंट, आणि शेजारचं पोट्टं टाय लावून गाडीत बसलं की आपल्या घरात घाई सुरू होते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यातल्या आईबापांसोबत समुपदेशनाचं काम करते, त्यातलीच ही एक केस, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

जुलैच्या शेवटी एक ताई सासूला आणि पोराला घेऊन आल्या. पोरगा डिसेंबरचा, म्हणजे शाळा उघडली तेव्हा (विदर्भात उन्हामुळं उघडते जूनच्या शेवटीच) जेमतेम अडीच वर्षाचा. सकाळी साडेसातला व्हॅन येते आणि ती चार गावं फिरते म्हणून घरी यायला दोन वाजतात. ताई म्हणे, "मॅडम, रडणं त आता थांबलं जी, चड्डी बी कोरडीच घेऊन येते, पण घरी आला का नुसती चिडचिड करते, आन् चार चार दिवस संडासले जात नाही."

मी डब्याचं आणि बाटलीचं विचारलं. डबा अर्धा परत येतो, बाटली तर भरलेलीच. मग सासूबाई हळूच बोलल्या, "घरी तो सू आली का मलेच सांगते जी. तिथं कोनाले सांगन?" तर चड्डी कोरडी होती ती याच्यामुळं. पोरगं साडेसात ते दोन धरून ठेवत होतं, आणि सू लागू नये म्हणून पाणीच पीत नव्हतं. लहान लेकरं असं धरून ठेवायला लागली की पोट कडक होतं, मग शी करताना दुखतं, मग दुखण्याच्या भीतीनं ती अजूनच धरतात. रडणं थांबलं म्हणजे रुळला असं आपण धरून चालतो, पण ते लेकरू कधी कधी फक्त गप्प झालेलं असतं.

बोलता बोलता मी त्याला चिंचोक्याचा डबा दाखवला, म्हटलं तो डबा उचल आन् आजीले दे. त्यानं डबा उचलला आणि आईच्या मांडीवर नेऊन ठेवला. वाक्याचा पहिला अर्धा भाग कळला, दुसरा सुटला. अडीच वर्षात हे अगदी नॉर्मल आहे, त्यात काहीच कमी नाही. पण वर्गात बाई एका दमात तीन गोष्टी सांगतात, पाटी काढा, दप्तर मागं ठेवा, रांगेत बसा, तिथं हा रोज मागं पडणार आणि "लक्ष देत नाही" असा शेरा घरी येणार.

पुढच्या खेपेला वडील आले, त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. भावाचा मुलगा एबीसीडी म्हणते, आपला मागं राहीन, आन् एक वर्ष वाया गेलं तर पोलीस भरतीत वय निघून जाईन. मला त्यांची काळजी खरी वाटली, घरी शेती कोरडवाहू असली की माणूस असाच विचार करतो. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. नर्सरीला 31 डिसेंबरपर्यंत 3 वर्षं पूर्ण आणि पहिलीला 6, ही आपल्या राज्याची अट, पण ती कमीत कमी वयाची अट आहे, त्या वयात टाकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. शिक्षण हक्क कायदासुद्धा 6 वर्षापासून लागू होतो. पुढच्या जूनमध्ये नर्सरीत गेला तर साडेतीनचा असेल, पहिलीत साडेसहाचा, बारावी होईल साडेअठराव्या वर्षी, आणि पोलीस शिपाई भरतीचं वय खुल्या गटालाही 18 ते 28. कुठं गेलं वर्ष?

लिहिण्याची तर बिलकुल घाई नको. या वयात मनगटातली सगळी हाडं तयारसुद्धा झालेली नसतात, पेन्सिल धरून पानं भरायला लावणं म्हणजे हाताचा छळ आहे, मला याचा मनापासून राग येतो. 2020 चं शैक्षणिक धोरणही 3 ते 8 हा काळ पायाभरणीचा धरते आणि सुरुवात खेळ, गाणी, गोष्टींनी करा म्हणते.

पण थांबवायचं म्हणजे घरी बसवायचं असं नाही. ताई निंदणाला जातात, सासूबाईचे गुडघे दुखतात, दिवसभर पोराच्या मागं कोण धावणार? गावातच अंगणवाडी आहे, वडील म्हणाले तिथं काय, खिचडी भेटते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पालघरच्या बोर्डी-कोसबाडकडं गरीब आदिवासी लेकरांसाठी अंगणातच शिक्षण नेलं त्यातून ही अंगणवाडी आली, आणि 3 ते 6 च्या लेकरांना खेळातून शिकवणं हे तिचं ठरलेलं काम आहे. सेविकाताईशी बोलून ठरलं की 3 पूर्ण होईपर्यंत आजी सोबत बसेल, मग हळूहळू उठून जाईल. डॉक्टरांना दाखवून पोटाचं औषध सुरू झालं. फीचे पैसे शाळेनं पुढच्या वर्षात धरले. दिवाळीनंतर ताई सांगत होत्या की आता तो सेविकाताईलेच बोट धरून नेते, सू आली म्हणून.

म्हणून कोणी विचारलं की मी एबीसीडीचं विचारतच नाही. सू-शी परक्या माणसाला सांगतो का, हातानं जेवतो का, आईशिवाय दोन-तीन तास राहतो का, त्याचं बोलणं बाहेरच्याला कळते का, आणि व्हॅनमध्ये किती वेळ जातो, तिथं संडासला कोण नेते, हे विचारते. तीन वर्षाचं लेकरू यातल्या बऱ्याच गोष्टी करत असेल आणि शाळा जवळ असेल तर खुशाल टाका, उगाच थांबवू नका.

एकाच बाबतीत मात्र थांबू नका. त्याच गावात साडेतीन वर्षाची एक पोरगी दोन-चार शब्दच बोलायची आणि घरचे म्हणायचे, बापही उशिराच बोलला होता. अशा वेळी आधी कान तपासायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, कधी येणार ते सेविकाताईला विचारून ठेवा, आणि तारीख लांब असेल तर सरळ जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा.