तुझं चित्र पुरे, आता त्यांची काढ

प्रिय बाळ,

तू पाठवलेला बिटमोजीचा, म्हणजे आपल्या कार्टून रूपाचा, वर्ग पाहिला. तू फळ्याशी उभी, कोपऱ्यात कुंडी, आणि पुस्तकावर टिचकी मारली की गोष्ट उघडते. छान जमलंय. किती वेळ गेला ते सांगू नकोस, मला ठाऊक आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभरच्या शिक्षकांना या वर्गांचं वेड लागलं होतं, त्यात तुझी बाईही होती. गूगल स्लाइड्सवर तीन रात्री जागले. पोरं दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, माझं कुठंय?"

मी तीन रात्री स्वतःलाच नटवत बसले होते!

आता तू म्हणशील, मुलांनाही बिटमोजी काढून देऊ. नको. ते १३ वर्षांखालच्यांसाठी नाहीच, आणि आपल्या नावावर त्यांची खाती उघडायची हौस तर मुळीच नको. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू जमव, खडू दे, ज्याने त्याने आपलं हातभर नाही तर वीतभर चित्र काढावं. काढताना दुरुस्त्या करू नकोस. माझ्या वर्गात एकीने स्वतःला चष्मा काढला. "चष्मा कुठला गं तुला?" म्हणून मी हसले, तिने तो खोडून टाकला. तिला फळ्यावरचं दिसतच नव्हतं, हे कळायला मला दिवाळी उजाडली. ते खोडलेलं चित्र अजून माझ्या कपाटात आहे.

चित्र झालं की त्याचा फोटो काढून चॅटरपिक्स किड्स या ॲपमध्ये घे. तोंडाच्या जागी बोटाने रेघ ओढायची आणि बोलायचं, ३० सेकंदांपर्यंत. चित्राचं तोंड हलतं. एका फोनवर अख्खा वर्ग होतो. तांड्यावरचा एक पोरगा जूनपासून माझ्याशी चकार शब्द बोलला नव्हता. मी व्हरांड्यात गेले, फोन त्याच्याकडेच ठेवला. परत आले तर कागदावरचा तो गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, धडाधड बोलत होता. मला अर्धंच कळलं. बाकीचं त्याने मराठीत समजावून सांगितलं, म्हणजे बोलला की नाही? मात्र रेकॉर्डिंग चालू असताना समोर उभी राहू नकोस.

उजळणीला प्लिकर्स हे ॲप बघ. मुलांच्या हातात नुसती छापील कार्डं, फोन तुझा एकटीचा. कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावरून कॅमेरा उत्तर ओळखतो. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही साधत नाही. चकचकीत लॅमिनेशन करू नकोस, उजेड चमकला की कॅमेरा गोंधळतो. रोज मात्र काढू नकोस, पोरांना त्याचाही कंटाळा येतो.

आणखी एक. गटावर, स्टेटसला मुलांचे चेहरे टाकायची आपल्याकडे फार घाई असते. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. वरून फोटो मागितले तर ही चित्रं पाठव. मी तेच करते, अजून तरी कुणी ओरडलेलं नाही.

तुझी शाळा बीडकडची. हंगाम सुरू झाला की काही मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातील. त्यांची चित्रं भिंतीवरून उतरवू नकोस. आठवड्यातून एकदा मागे राहिलेल्यांनी आपापलं बोलतं चित्र त्यांच्या बापाच्या फोनवर पाठवावं, शाळेत काय झालं ते सांगावं. तिकडून उत्तर आलं तर वर्गात मोठ्याने लाव. फोन दिवसा लावू नकोस, फडात कुणी उचलत नाही. अंधार पडल्यावर लाव, तेव्हा कोपीवर, आपल्या झोपडीवर, आलेले असतात.

तुझी,
बाई

ता. क. बिटमोजीत तुझे केस एवढे सरळ कधी झाले?