गुरुवारचा नकाशा आणि गुरंवाल्यांचे पैसे

प्रश्न: मुलगा टेक्सासला असतो, त्याच्या ओळखीच्या एका गुरंवाल्याकडे जाऊन आलो. पाऊस नाही म्हणून सरकारने म्हणे त्याच्या खात्यात पैसे टाकले, पंचनाम्याला कोणी फिरकलंही नाही. पण पलीकडच्या काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच) त्याचा मेव्हणा, त्याचंही रान तसंच करपलेलं, त्याला छदाम नाही! आपल्याकडे छावणीत जनावर नेऊन बांधल्याशिवाय चारा मिळत नाही. हे काय गौडबंगाल?
– एक वाचक, सांगोला

उत्तर: गौडबंगाल काही नाही काका, सगळा खेळ नकाशाचा आहे. अमेरिकेत दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा निघतो, पिवळ्यापासून गडद लाल रंगापर्यंत, जितका लाल तितका दुष्काळ कडक. चराऊ रानाच्या मदतीची जी स्कीम आहे तिच्यात तुमचं रान कोणी बघायला येत नाही, काउंटीचा रंग बघतात. चराईच्या हंगामात काउंटीचा कुठलाही तुकडा सलग ८ आठवडे नारिंगी राहिला की एका महिन्याची मदत, असं आधी होतं, २०२५ च्या कायद्याने ते ४ आठवड्यांवर आणलं. लाल झालं की महिने वाढतात. आणि मदत म्हणजे त्या महिन्याच्या चाराखर्चाच्या ६० टक्के, पूर्ण नाही.

आता गंमत बघा, "कुठलाही तुकडा" म्हणजे काउंटीच्या उत्तरेला करपलंय आणि दक्षिणेला गवत गुडघाभर, तरी दक्षिणवाला पात्र, आणि हद्दीपलीकडे मेव्हण्याचं तळं आटलेलं पण त्याची काउंटी नुसती पिवळी, तर तो बसला बोंबलत. आपली पैसेवारी, म्हणजे पिकाचा अंदाज, निदान गावागावाची निघते, ५० पैशांच्या आत की दुष्काळ अशी जुनी रीत, त्यातही भांडणं होतातच म्हणा. मेव्हण्याला सांगा, नकाशा करणारे लोक जागेवरचे रिपोर्ट आणि फोटो घेतात, कुणीही पाठवू शकतं, तर आटलेल्या तळ्याचा फोटो काढून पाठवत राहा, गप्प बसून रंग बदलत नाही.

पंचनामा नाही म्हणजे कागद नाही असं मात्र समजू नका. रान किती, कोणाचं, भाड्याचं असेल तर करार, जनावरं किती आणि कधीपासूनची, हे सगळं काउंटीच्या ऑफिसात कागदावर दाखवावं लागतं. फीडलॉटमधली, म्हणजे गोठ्यात दाणा खाणारी जनावरं यात बसत नाहीत, कारण ती रानावर चरतच नाहीत.

प्रश्न: आणि जनावर मेलंच तर?
– तेच वाचक

उत्तर: त्याची स्कीम वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्सासच्या उत्तर टोकाला स्मोकहाऊस क्रीकची आग लागली, १० लाख एकरांवर रान जळलं, हजारो गुरं गेली. अशा वेळी बाजारभावाच्या सरासरीच्या ७५ टक्के मिळतात, पण एरवीही वर्षात जेवढी मरतात तेवढी आधी वजा करून. शिवाय पुरावा तुम्हीच द्यायचा: तारखेचे फोटो, डॉक्टरचा दाखला, खरेदीची बिलं. जळालेल्या गुरांना खड्ड्यात लोटायच्या आधी फोटो काढायचं सुचतंय का कुणाला, पण काढावेच लागतात. आपल्याकडे लम्पी रोगात २०२२ ला दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ आणि वासराला १६ हजार ठरले होते, बाजारात गाय कितीचीही असो. तिकडे निदान दर बाजाराकडे बघून ठरतो, हे मला पटतं.