कॅमेरा नव्हे, केबल तपासा

या वेळच्या प्रश्नांत निम्मा गोंधळ एकाच गोष्टीचा आहे : कॉम्प्युटर नेटवर्कच्या स्टार रचनेत मधे स्विच (विजेचं बटण नव्हे, यंत्रांना एकमेकांशी जोडणारा डबा) असतो आणि प्रत्येक यंत्राची केबल स्वतंत्रपणे तिथवर येते. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : कोथरूडला आमचा टायपिंगचा क्लास आहे. बारा कॉम्प्युटर स्टार पद्धतीने जोडलेत. एक केबल तुटली तर सगळे बंद पडतील?

नाही, तेवढा एकच. स्विच गेला तर बाराही.

प्रश्न : जुना हब फुकट मिळतोय. लावू का?

नको. हब आलेला डेटा सगळ्या पोर्टांवर, म्हणजे केबल खोचायच्या सगळ्या खाचांवर, पाठवतो, स्विच ज्याचा त्यालाच देतो.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत कॅमेऱ्यांना वीजही नेटवर्क केबलमधूनच जाते. लांबचे चार कॅमेरे अंधार पडला की बंद-चालू होतात. विक्रेता म्हणतो, कॅमेरेच बदला.

थांबा, एक रुपयाही देऊ नका. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त वीज ओढतो आणि लांबच्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं. दिवसा धडधाकट कॅमेरा रात्रीच मान टाकत असेल, तर माझा पहिला संशय केबलवर. उरलेला तुकडा घ्या, एक तार सोला आणि ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. वर ठळक ‘कॅट ६’ हा नेटवर्क केबलचा दर्जा छापायचा आणि बिलावर बारीक अक्षरात ‘सीसीए’, म्हणजे हेच मुलाम्याचं ॲल्युमिनियम, लिहायचं, ही युक्ती मी वर्षानुवर्षं बघतोय. कॅट ६ च्या मानकाला शुद्ध तांबंच लागतं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, ते वाकवलं की तुटतं, वीज वाहताना तापतं. स्टारमध्ये केबल भरपूर लागते, म्हणून काटकसर नेमकी तिथेच होते. लांबचा एक कॅमेरा काढून स्विचजवळ दोन मीटरच्या चांगल्या केबलवर एक रात्र चालवा. नीट चालला तर कॅमेरा निर्दोष. मग ज्याला तुम्हाला काही विकायचं नाही अशा तंत्रज्ञाकडून सगळी केबल टेस्टरवर तपासून घ्या.

प्रश्न : दोन इमारतींत १३० मीटर अंतर आहे. साधी नेटवर्क केबल टाकली तर ‘चालतं हो’ असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणोत. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. इथे फायबरच टाका. ती काचेची तार, डेटा प्रकाशाने नेते, वीज नाही, म्हणजे वळवाच्या पावसात वीज कडाडली तर तिचा झटका केबलमधून स्विचपर्यंत येणार नाही. खोदकामाआधी जाणकाराला जागेवर आणा.

प्रश्न : नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात चार दिवस नेट गोठलंय. स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकतात. रीस्टार्ट केलं तरी तेच.

चार दिवस वाट कसली पाहिलीत? साफसफाईत कोणीतरी केबलचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये खोचलं असणार, त्यामुळे तोच डेटा गोल गोल फिरतोय. एकेक केबल काढत जा. जिच्यामुळे दिवे शांत होतील ती गुन्हेगार. हे रोखणारी स्पॅनिंग ट्री पद्धत अमेरिकन संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधली, पण साध्या स्विचमध्ये ती सहसा नसते. दिवे शांत झाले नाहीत तर आजच माणूस बोलवा.