वाचकांचे प्रश्न : थिबा राजाची समाधी आणि आपण

प्रश्न : मी रत्नागिरीत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या घरापासून थिबा पॅलेस पायी दहा मिनिटांवर आहे. मध्यंतरी महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेत मी ‘दोन राष्ट्रांच्या मैत्रीत तरुणांची भूमिका’ या विषयावर बोलले आणि बक्षीसही मिळाले. पण घरी परत येताना वाटले, की भाषणात सांगितलेले एकही काम मला करता येण्यासारखे नाही. करार सरकारे करतात, व्यापार व्यापारी करतात. माझ्यासारखीने इथे राहून नेमके काय करावे?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही थिबा पॅलेसचा उल्लेख केवळ घराचा पत्ता सांगण्यापुरता केला आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करतो, कारण एका शेजारी राष्ट्राची ठेव तुमच्या गावात आहे आणि ती सांभाळण्यासाठी कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशची, म्हणजे आजच्या म्यानमारची, राजधानी मंडाले घेतली, तिथला राजा थिबा याला पदच्युत केले आणि आधी मद्रासला व पुढे एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये, म्हणजे राजाचे नजरकैदेतील बहुतेक आयुष्य सरल्यावर. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. राणी सुपयालत आणि राजकन्या १९१९ मध्ये मायदेशी परतल्या, पण राजा आणि त्याची धाकटी राणी यांच्या समाध्या रत्नागिरीतच राहिल्या. थोरली राजकन्या पुन्हा इथे आली, इथलीच झाली, आणि तिची मुलगी मराठी बोलत वाढली. हा इतिहास आपण सहलीला आलेल्या पाहुण्यांना गोष्टीसारखा सांगतो. म्यानमारच्या माणसाला मात्र तो आपल्या शेवटच्या राजाचा इतिहास म्हणून माहीत असतो आणि तो ऐकताना त्याचा चेहरा बदलतो, हे मी जवळून पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच होऊन गेली असताना, मी एका स्नेह्यांना समाधी दाखवायला नेले होते. त्याच वेळी म्यानमारहून आलेले एक कुटुंब तिथे पोहोचले. त्यांतील आजीबाईंनी चपला बाहेरच काढल्या, चौथऱ्यावर पडलेला पालापाचोळा हातानेच बाजूला सारला, आणि मग गुडघे टेकून त्या बराच वेळ हात जोडून बसल्या. शेजारी आपल्याकडचे दोन तरुण मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून फोटो काढत होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, ही जागा कुणासाठी काय आहे हे त्यांना कधी कुणी सांगितलेच नव्हते. त्या आजीबाई घरी गेल्यावर भारताविषयी काय सांगतील, ते आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या हातात नव्हते, त्या दोन मुलांच्या हातात होते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी या समाधीचे दर्शन घेतले, तेव्हा सगळे शहर सजग होते. माझी काळजी उरलेल्या दिवसांची आहे.

तेव्हा तुमचे पहिले काम हे, की हा इतिहास बिनचूक शिकून घ्यावा आणि त्यातील आपल्याला अवघड जाणारा भागही वगळू नये. मंडाले घेणाऱ्या फौजेत हिंदी शिपाई होते, हे सांगावे. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाने ब्रह्मदेश खालसा करण्याविरुद्ध ठराव केला होता, हेही सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, थिबा रत्नागिरीत कैदेत असतानाच, १९०८ ते १९१४ या काळात, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक थिबाच्याच मंडालेत तुरुंगवास भोगत होते आणि तिथे ‘गीतारहस्य’ लिहीत होते. एकाच सत्तेने त्यांचा राजा आपल्या गावी आणला आणि आपला पुढारी त्यांच्या गावी नेला. म्यानमारच्या पाहुण्याशी बोलायला आरंभ करण्यासाठी याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

दुसरे काम भाषेचे आहे. ब्रह्मी भाषेत भेटल्यावर ‘मिंगलाबा’ म्हणतात, आणि त्यातील ‘मिंगला’ म्हणजे पालीतून गेलेले आपले ‘मंगल’. एप्रिलच्या मध्यास त्यांचे नववर्ष येते, त्या वेळच्या पाण्याच्या सणाला ते ‘थिंज्यान’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या ‘संक्रांती’शी जोडलेला आहे. इतके कळले तरी परकेपणाची पहिली भिंत खाली येते. एक सावधगिरी मात्र घ्यावी. आपल्या कोकणात ओळख होताच ‘आडनाव काय?’ आणि ‘गाव कोणते?’ हे दोन प्रश्न विचारले जातात. ब्रह्मी माणसाला आडनावच नसते, त्याचे संपूर्ण नाव त्याचे एकट्याचे असते. त्यामुळे पहिला प्रश्न सोडून द्यावा. गाव जरूर विचारावे, त्यावर तो भरभरून बोलेल.

तिसरे काम थोडे खर्चाचे आहे, पण चार मैत्रिणींनी मिळून केले तर जमण्यासारखे आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर परदेशी विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत शिकायला येतात. मुंबई-पुण्यात म्यानमारचा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी असेल, तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षामार्फत रीतसर निमंत्रण पाठवून दोन दिवसांसाठी रत्नागिरीला बोलवावे आणि हॉटेलात न उतरवता घरी ठेवावे. सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ वाढताना, आपण आयात करतो त्या उडदाचा मोठा वाटा म्यानमारमधून येतो, हे त्यांना सांगावे. दुपारी भात आणि माशांचे कालवण असेलच. सुकटाची चटणी वाढायला संकोच करू नये, कारण त्यांच्याकडे आंबवलेल्या मासळीची न्गापी रोजच्या जेवणात असते आणि त्या वासाने ते बिचकणार नाहीत, उलट घरची आठवण काढतील. संध्याकाळी समाधीवर न्यावे आणि तिथे आपण थोडे मागे उभे राहावे.

प्रश्न : म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आहे आणि तिथे यादवी चालू आहे, असे वाचतो. अशा वेळी ‘दोन राष्ट्रांची मैत्री’ म्हणजे नेमकी कुणाशी मैत्री? तरुणांना या भानगडीत का ओढावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : शंका रास्त आहे. भारत आणि ब्रह्मदेश यांच्यात १९५१ मध्ये मैत्रीचा करार झाला, त्यानंतर तिथे अनेक राजवटी आल्या आणि गेल्या, १९८९ मध्ये देशाचे इंग्रजी नावही बदलले. आपली सोळाशे किलोमीटरहून अधिक लांबीची सीमा मात्र होती तिथेच आहे. त्यामुळे दिल्लीला समोर असेल त्या सत्तेशी बोलावेच लागते. ती सरकारची गरज आहे आणि तिच्यावर टीका करण्याचा अधिकारही आपल्याला आहे. तरुणांवर तसे बंधन नाही, त्यांची मैत्री तिथल्या तरुणांशी असू शकते.

आणि ते तरुण आज कोणत्या स्थितीत आहेत, ते पाहावे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा अमलात आणल्याचे जाहीर झाले, ज्याच्या कक्षेत १८ ते ३५ वयाचे पुरुष आणि १८ ते २७ वयाच्या स्त्रिया येतात. म्हणजे आपल्याकडची मुले ज्या वयात स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात, त्या वयात तिथली मुले देश सोडण्याचा मार्ग शोधत आहेत. अशा काळात त्यांना शेजारी देशातला एखादा समवयस्क नावाने ओळखत असेल, तर त्याचे मोल मी कमी मानत नाही. २८ मार्च २०२५ रोजी मंडालेच्या परिसरात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तीन हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा भारताने ‘ऑपरेशन ब्रह्मा’खाली मदत पाठवली आणि आपल्या सैन्याने मंडालेत रुग्णालय उभारले. त्या रुग्णालयात उपचार घेणारी माणसे राजवटीची नव्हती, मंडालेची होती. टिळकांची सहा वर्षे ज्या शहरात गेली, त्या शहरावर असे संकट आले असताना रत्नागिरी जिल्ह्यातील किती महाविद्यालयांत त्यांच्यासाठी एखादी सभा झाली, याची विचारपूस मी केली. मला एकही सापडली नाही, आणि ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही. आपण यात तरुणांना ‘ओढू नये’ म्हणता. माझ्या मते त्यांना कुणी हाकही मारलेली नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे आणि इंटरनेटवर म्यानमारच्या एका मुलाशी फुटबॉलबद्दल नेहमी बोलतो. हे चालू द्यावे का?
— एक पालक, वेंगुर्ले

उत्तर : अवश्य चालू द्यावे. पत्ता, पैसे आणि ओळखपत्रांचे फोटो यांविषयीची नेहमीची दक्षता त्याला समजावून सांगावी, आणि त्यांचे बोलणे अधूनमधून तुम्हीही कौतुकाने ऐकावे. एक गोष्ट मात्र त्याच्याकडून कबूल करून घ्यावी. तो मुलगा स्वतःहून बोलेपर्यंत तुमच्या मुलाने लष्कराचा किंवा राजकारणाचा विषय काढू नये आणि त्यांचे संभाषण कुठेही प्रसिद्ध करू नये. आपल्या मुलाला जे लिहिल्याने काहीही होणार नाही, तेच त्या मुलाच्या मोबाईलमध्ये सापडले तर त्याच्या घरच्यांना त्रास होऊ शकतो. फुटबॉलवर हवे तितके बोलू द्यावे.