जागेपणी तिरळेपणाची शस्त्रक्रिया आणि सुईची भीती

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या प्रौढ रुग्णांना कापण्यापेक्षा जागे राहण्याचीच धास्ती अधिक वाटते. बाहेरच्या बाजूला वळलेला उजवा डोळा सरळ करून घेण्यासाठी आलेल्या पस्तिशीतल्या एका एसटी वाहकांनी मला विचारले, “मॅडम, मी जागा असताना डोळ्यात सुई घालणार आणि नेमका तेव्हाच मी हललो तर?”

मी त्यांना सांगितले, की भुलीचे औषध डोळ्याच्या गोळ्यात टोचत नाहीत, ते गोळ्याभोवती सोडतात. पेरिबल्बर पद्धतीत त्यासाठी सुई वापरतात. त्यांच्यासाठी मात्र डॉक्टरांनी सब-टेनन पद्धत निवडली होती. तीत आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला बारीकशी चीर देतात आणि तिच्यातून बोथट टोकाची वाकडी नळी सरकवून औषध आत सोडतात. ते स्नायूंपर्यंत पसरल्यावर वेदना तर थांबतातच, शिवाय डोळ्याची हालचालही बरीचशी मंदावते.

“मग नुसत्या थेंबांवर नाही का होत?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. काही निवडक रुग्णांमध्ये होते, आणि स्नायू हलते राहिल्याने डोळा सरळ आला की नाही हे टेबलावरच तपासता येते. पण थेंबांनी केवळ पृष्ठभाग बधिर होतो, स्नायू ओढल्याची कळ जाणवते. त्यांचा बाहेरचा स्नायू मागे घेऊन आतला आखूड करायचा असल्याने थेंब पुरेसे ठरले नसते. (लहान मुलांना मात्र पूर्ण भूलच द्यावी लागते.)

‘काहीच कळणार नाही’ असे सांगून रुग्णाला आत पाठवणे मला मान्य नाही. सब-टेननमध्येही स्नायू हुकवर घेताना खोल ताण जाणवू शकतो, मळमळू शकते आणि त्या ओढीने हृदयाचे ठोके मंदावू शकतात. १९०८ पासून वैद्यकाला ठाऊक असलेली ही प्रतिक्षिप्त क्रिया ओढ सैल केली की बहुधा थांबते, अ‍ॅट्रोपिन हे ठोके वाढवणारे औषधही हाताशी असते आणि मॉनिटर त्यासाठीच लावलेला असतो. म्हणून मान न हलवता ‘ताण येतोय’ एवढे तोंडाने सांगायचे, खोकला येणार असेल तर तेही आधी सांगायचे, असे आमचे ठरले.

शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी एकदा तसे सांगितले, डॉक्टर क्षणभर थांबले आणि काम पुढे सुरू झाले. भूल उतरेपर्यंत दृष्टी अंधुक राहते आणि नंतर काही दिवस एकाचे दोन दिसू शकतात, त्यामुळे घरी परतताना आणि तपासणीला येतानाही स्वतः दुचाकी चालवू नका, हे मी त्यांच्या पत्नीलाही बजावले.