जुन्या कॅम्पर व्हॅनचं कूलंट घरी बदलता येईल का?

तुमच्याकडे २०१० ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, आधीच्या मालकाने आत पलंग, ओटा आणि इंजिनाच्या उष्णतेवर तापणारी पाण्याची टाकी बसवलीय. रेडिएटरमधलं पाणी विटकरी झालंय. घरी बदलता येईल का, आणि नाशिकला बर्फ पडत नाही तर कूलंट हवंच कशाला, असं तुम्ही विचारलंय.

आधी दुसरी शंका. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाहीच. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, घालायचं ते गंज आणि उकळी टाळायला. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, इथे साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून ती मर्यादा वीसेक अंशांनी वर जाते, आणि निम्मं ग्लायकोल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) असेल तर आणखी थोडी. तुमचा विटकरी रंग म्हणजे गंज; बहुधा कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, बादलीतल्या हीटरच्या कॉइलवर बसतात तसेच.

घरी नक्की जमेल. मात्र बाकीच्या गाड्यांत नसलेली एक भानगड तुमच्या गाडीत आहे: इंजिनातलं गरम कूलंट मागच्या टाकीकडे नेणारी लाइन.

माझीही अशीच जुनी गाडी. पहिल्या वेळी मी रेडिएटर रिकामा केला, हिरवंगार कूलंट भरलं आणि खूश झालो. पंधरवड्याने मुंबईहून परतताना कसारा घाटात तापमानाचा काटा लालकडे सरकला. बाजूला घेतली. वरचा होजपाइप हात लावू देईना आणि खालचा चक्क गार. सिस्टीमने हवा धरली होती. तासभर थांबलो, बायकोने तेवढ्यात पोहे केले (गाडीत ओटा असण्याचा फायदा), आणि पुढे केबिनचा हीटर फुल्ल सोडून घामाघूम होत इगतपुरी गाठली. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तेवढीच उष्णता बाहेर जाते. गरम असताना झाकण मात्र उघडू नका, तोंड भाजेल.

घरी येऊन पाहिलं तर मागच्या टाकीला जाऊन-येऊन आठेक मीटर पाइप. म्हणजे दीडेक लिटर जुनं गंजपाणी आणि हवेचा फुगा तिथेच बसलेला. रेडिएटरची तोटी उघडून ते कधीच येत नाही.

म्हणून आता मी असं करतो. गाडी पूर्ण गार. तोटी जुनी प्लास्टिकची असेल तर तिच्या नादी लागत नाही, फिरवताना तुटते. सरळ खालचा मोठा होज सोडतो. निघालेलं सगळं कॅनमध्ये मोजून घेतो. मग मागच्या टाकीचे दोन्ही पाइप सुटे करून एकातून बागेच्या नळीने हलक्या दाबाने पाणी सोडायचं, दुसऱ्यातून स्वच्छ येईपर्यंत. माझ्याकडे आधी चहा, मग काविळीसारखं पिवळं, मग नितळ, असं तीन बादल्या चाललं. शेवटची धुलाई बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरने.

भरताना लोक हमखास फसतात. कितीही काढलं तरी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये धुण्याचं पाणी उरतंच, त्यावर तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणा. मॅन्युअलमधली क्षमता आणि मागच्या लाइनचं दीडेक लिटर मिळून समजा १० लिटर होत असेल, तर आधी ५ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग मावेल तितकं डिस्टिल्ड. रंगावर जाऊ नका, कंपन्या वाटेल तो रंग घालतात. डब्यावरचा प्रकार मॅन्युअलशी जुळवा.

हवा काढायला मी पांडवलेणीच्या बाजूचा एक चढ धरतो. गाडीचं तोंड वर, म्हणजे मागची टाकी खाली जाते आणि हवा पुढे झाकणाकडे येते. हीटर गरमवर, झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहायचं. पाणी उसळायला लागलं की झाकण लावून टाका.

जुनं कूलंट गटारात नको, ते शेवटी गोदावरीत जातं. अंगणातही उघडं ठेवू नका. चव गोडसर असते, कुत्री-मांजरं पितात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. बंद कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल नीट गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.

एक सावधानता: गंज धुतला की त्याने बुजवलेली भोकं उघडी पडतात. ब्लॉकवरची एखादी पत्र्याची डमी (भोक बंद करणारी चकती) पाझरू शकते. त्यामुळे पहिली फेरी त्र्यंबकेश्वरपर्यंतच मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी बघा. थोडी उतरली तर उरलेली हवा निघाली, भरून टाका. रोज उतरत असेल, खाली थेंब नसेल आणि इंजिन ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ चिकट थर दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) संशय घ्या. ते घरचं काम नाही, मेस्त्रीकडे न्या.