ग्लेन टिल्ट एका दिवसात करताय? आधी गेल्डीचा विचार करा

ब्लेअर अ‍ॅथॉलहून निघून स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट या दरीतून चालत संध्याकाळपर्यंत डी नदीवरचं लिन ऑफ डी गाठायचं, आणि "वाटेत सगळीकडे पूल आहेत ना?" असं तुम्ही विचारलंय. नाहीत. आम्हालाही एका माहिती केंद्राच्या खिडकीवर नकाशा न उघडताच "हो, आहेत" असं सांगितलं गेलं होतं. त्या उत्तरापायी अख्खा दिवस वाया गेला. ज्या प्रश्नावर माणसाचा जीव अवलंबून असतो, त्याला अंदाजानं उत्तर देऊच नये.

वाटेतल्या टार्फ नदीवर बेडफर्ड पूल आहे. १८७९ मध्ये तिथे १८ वर्षांचा फ्रान्सिस बेडफर्ड बुडाला, त्याच्या स्मरणार्थ १८८६ मध्ये तो बांधला. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीला हीच टार्फ पाण्यातून ओलांडावी लागली होती. पूल झाला की पाण्याची भीती संपली असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. पुढे पडक्या बायनॅक लॉजनंतर गेल्डी ही छोटी नदी आडवी येते, तिच्यावर या वाटेला पूल नाही. कोरड्या दिवसांत सहज ओलांडता येते, पण डोंगरात रात्रभर पाऊस पडला तर नाद सोडायचा. तोवर पंचवीसच्या वर किलोमीटर चालून झालेले असतात, मागे फिरायचं तर तेवढेच परत.

म्हणून माझं ठाम मत: उलटं चाला. आदल्या रात्री लिन ऑफ डीजवळच्या ब्रेमार गावात मुक्काम, पहाटे टॅक्सीनं लिन ऑफ डी. मग गेल्डी पहिल्या दोन-अडीच तासांतच येते. पाणी गुडघ्याला लागून जोरात वाहत असेल तर सरळ परत फिरा. ओलांडायचीच तर उथळ, रुंद जागा बघा, मोजे काढून बूट तसेच ठेवा, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, काठी घेऊन पाणी येतं त्या दिशेला तोंड करून आडवं सरका. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या सवयीवर जाऊ नका, इथल्या गार पाण्यात पाय लगेच बधिर होतात.

एकूण साधारण ३५ किमी, दहा-अकरा तास धरा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेच्या लँडरेंजर ४३ या एकाच नकाशात दोन्ही टोकं येतात, तो कागदावरचाच घ्या, दरीत मोबाईलला रेंज नसते. फॉरेस्ट लॉजच्या आसपास नदीकाठचे खडक जरूर बघा: १७८५ मध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटनला ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या खडकात घुसलेल्या इथेच दिसल्या.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा हंगाम, तेव्हा मुख्य वाट सोडू नका. शेवटी गोळीबाराच्या सरावाचं मैदान लागतं, लाल बावटा असेल तर पाटीवरची पर्यायी वाट धरा. आणि ब्लेअर अ‍ॅथॉलला प्रत्येक रेल्वेगाडी थांबत नाही, शेवटच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच लिहून ठेवा.